भंगारातली १९३० ची फोर्ड, कुणाचा तरी जुगाड आणि माझी सहा वर्षं

उद्यमनगरी:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. परवा इथे यझदीवरचा धागा वाचला आणि हात शिवशिवायला लागले. फोनवर टाइप करतोय, नखात अजून ग्रीस आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं बघू नका.

मूळचा कोल्हापूरचा. वडील शिवाजी उद्यमनगरात फिटर. शाळा सुटली की मी तिथंच, घासलेटच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धुवायला. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघायची तेव्हा बाकीची पोरं घोडे बघायची आणि मी चाकाच्या बरोबरीनं चालत इंजिनाचा आवाज ऐकायचो, त्यात दोनदा चप्पल हरवली आणि घरी मार खाल्ला. १९८९ ला नोकरीला डेट्रॉईटजवळ आलो, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टूल रूमला, तिथूनच रिटायर झालो.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर पहिला ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, झाला, तेव्हा पोराला खांद्यावर घेऊन बघायला गेलेलो. चकचकीत गाड्या भरपूर होत्या पण एक मळकट काळी, मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, टप कापून बसका केलेला, इंजिन उघडं, आणि तो आवाज! आपल्या जुन्या एसटीची घरघर आणि ढोलाचा ठेका एकत्र केला तर जे होईल ते. मालक सत्तरीचा. म्हणला, शाळेत असताना बनवली, तीच आहे अजून. झालं, त्या दिवसापासून हॉट रॉडचं, म्हणजे जुनी गाडी कापून-जोडून वेगासाठी बनवायचं, हे खूळ लागलं. आतापर्यंत दोन स्वतः बनवल्या, ही तिसरी, आणि ही मी बनवलेली नाही. गोची तिथंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं, खिशात पैसे नाहीत, भंगारातून फोर्डची मॉडेल टी नाहीतर मॉडेल ए उचलायची, वजन कमी करायला मडगार्ड, बंपर, काच, जे निघेल ते काढून टाकायची आणि लॉस एंजेलिसच्या उत्तरेला म्युरॉक म्हणून कोरड्या तळ्याचं सपाट मैदान आहे तिथं जाऊन पळवायची. १९३२ ला फोर्डनं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत घातलं, २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर. आज ऐकून हसाल, पण तेव्हा व्ही-८ म्हणजे श्रीमंतांचं काम. ते इंजिन फोर्डच्या दोन-चार माणसांनी गुपचूप जुळवलं, ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये एडिसनची फोर्ट मायर्सची लॅब उचलून आणून ठेवलीय तिच्यात. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. पाहुणे आले की मी तिथंच नेतो, बायको म्हणते नायगाराला न्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून वेल्डिंग, मशीनिंग शिकलेली पोरं परत आली आणि हा प्रकार खऱ्या अर्थानं पेटला. १९४८ च्या जानेवारीत हॉट रॉड नावाचं मासिकच निघालं, १९४९ ला बॉनव्हिलच्या मिठागरावर शर्यती सुरू झाल्या, मग कॅलिफोर्नियाचं लोण आमच्या मिशिगन-ओहायोपर्यंत आलं.

तर माझी गाडी. ओहायोत टोलेडोच्या पुढे एका शेतकऱ्याच्या कोठारात, गवताच्या गठ्ठ्यांमागे. १९३० ची मॉडेल ए कूप, खाली १९३२ ची चासी, ब्रेक १९३९ च्या फोर्डचे (त्या साली फोर्डनं पहिल्यांदा हायड्रॉलिक दिले, त्याआधी सळ्यांचे) आणि इंजिन १९४९ चं फ्लॅटहेड ८बीए (फोर्डचंच व्ही-८). म्हणजे कुणीतरी चार गाड्यांची एक केलेली. साडेआठ हजार डॉलरला ट्रेलरवर चढवून आणली. चासीच्या डाव्या दांड्यावर तारेचा ब्रश मारून नंबर वाचला, दोन्ही टोकांना चांदणीचा शिक्का, कागदावरचा आकडा जुळला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

खोलायला लागलो आणि एकेक निघायला लागलं. टप तीन इंच कापलेला. खांबांचे जोड पितळेनं भरलेले, ओबडधोबड, पण एकही तडकलेला नाही. दरवाजाच्या आतल्या प्लायवुडवर पेन्सिलीनं वजाबाकी, एकदा चुकलेली, खोडून परत केलेली. आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलेला होता तिथं ओहायोची १९५१ ची नंबरप्लेट रिव्हेट मारून ठिगळ! मी गॅरेजच्या फरशीवर झोपून बॅटरी मारून ती प्लेट बघत होतो, बायको वरून विचारतेय जेवायला येताय का.

आता माझा प्रश्न. गाडी रिस्टोअर करायची म्हणजे नक्की कुठल्या सालात न्यायची? १९३० ला फोर्डच्या कारखान्यातून निघाली तशी, का १९५१ च्या आसपास कुणा पोरानं अशी जोडून बनवली तशी? सगळे म्हणतात ओरिजिनल कर. पण ह्या गाडीचं ओरिजिनल कुठलं?

आणि एक चूक कबूल करतो. डावा दरवाजा चारशे नंबरच्या पाण्याच्या पॉलिश कागदानं घासत होतो, वर राखाडी प्रायमर, बादलीतलं पाणी राखाडी. मग काळं झालं. मग पिवळसर झालं आणि मी आपला रेडिओ ऐकत घासतोय. हात थांबला तेव्हा दरवाजावर हातानं रंगवलेल्या एका आकड्याचं (शर्यतीचा नंबर असणार) शेपूट उरलं होतं, वरचा भाग बादलीत. सत्तर वर्षं टिकलेला आकडा मी पाच मिनिटांत धुतला. आधी नीट बघितलं असतं तर.

*

चिंचेचा_कोळ:
मस्त लिहिलंय काका! बाळबोध प्रश्न, हे म्हणजे आमच्या गल्लीतली पोरं सायलेन्सर कापून फटाके फोडत फिरतात तेच का मोठ्या स्केलवर? आणि फोटू कुठायत

उद्यमनगरी:
@चिंचेचा_कोळ, हेतू तोच, गल्लीला ऐकू गेलं पाहिजे 😀 फरक एवढाच की ह्यांना घड्याळासमोर आकडा सिद्ध करावा लागायचा. आवाज मोठा आणि वेग कमी निघाला की पोरं वर्षभर चिडवायची. फोटो टाकतो, साइझ मोठा म्हणून घेत नाहीये.

गॅरेजवाला_नाशिक:
वा उस्ताद. मी जीपा आणि जावा करतो, २२ वर्षं झाली. इंजिन जाम होतं का? कसं सोडवलंत ते सविस्तर लिहा, बाकी इतिहास गुगलवर मिळतो.

दुसरं म्हणजे इकडे हे स्वप्नच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी केली की बेकायदा, आणि २०२१ ला व्हिंटेजचे नियम आले, ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर, नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षं चालते, पण अट काय तर चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे तुमची ती चार गाड्यांची एक इकडे आणली तर आरटीओचा माणूस चक्कर येऊन पडेल.

उद्यमनगरी:
@गॅरेजवाला_नाशिक, घ्या सविस्तर.

हेड दोन्ही काढली. फ्लॅटहेडमध्ये हेड म्हणजे नुसतं झाकण, व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले होते तिथं ओल शिरून गंज, एकूण दोन सिलिंडर, बाकी सहा आरशासारखे. गिअरबॉक्स ऑइल, म्हणजे ऑटोमॅटिकचं ते लाल, आणि ॲसिटोन निम्मं निम्मं करून ओतलं. रोज सकाळी चहा घेऊन जायचं, पातळी बघायची, पुन्हा भरायचं. तीन आठवडे. मग लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलका हातोडा, एकदा वरून, मग क्रँक उलटा ढकलून बघायचा. ढिम्म. चौथ्या आठवड्यात एका रविवारी टक्क असा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा, आणि क्रँक केसभर हलला. केसभर म्हणजे केसभरच. पण मी वर जाऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली बरं झालं, आता आंघोळ करा.

व्हॉल्व्हची वेगळीच तऱ्हा. व्हॉल्व्ह, गाइड, स्प्रिंग सगळं एकत्र वर ओढून काढायचं, खाली घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते ती आधी काढायची, ती इतकी गंजलेली की सोळापैकी अकराच धड निघाल्या.

कायद्याचं म्हणाल तर इकडे मोकळीक आहे पण सरसकट नाही. मिशिगनची हिस्टॉरिक प्लेट घेतली तर गाडी प्रदर्शनाला, संचलनाला वगैरे नेता येते, आणि ऑगस्ट महिनाभर कुठंही हिंडा. फक्त ऑगस्ट! आपल्या श्रावणासारखं.

ओतकाम_ताई:
मी फाउंड्रीत क्वालिटीला आहे, शिरोलीला, म्हणजे तुमच्या माहेरचीच. ब्लॉकला क्रॅक निघाला का? फ्लॅटहेडचं ऐकलंय की एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून जातो, तसं असेल तर क्रॅक असणारच असं माझं मन सांगतंय.

उद्यमनगरी:
ताई तुमच्या मनाला सलाम, दोन निघाले. दोन्ही व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे. होय, धूर बाहेर जायला ब्लॉकमधूनच वाट काढलीय, पाण्याच्या जॅकेटमधून. त्यात प्रत्येक बाजूला चार सिलिंडर आणि बाहेर पडायला भोकं तीनच, मधल्या दोघांना एकच सामायिक. चाळीत संडास सामायिक असतो तसं. म्हणून हे इंजिन पाणी उकळण्यासाठी बदनाम, दोन-दोन पंप देऊनही.

आणि तुम्हाला आवडेल असं सांगतो, पाण्याच्या जॅकेटमधून मी तारेनं उकरून उकरून दोन वाट्या माल काढला, गंज तर होताच पण त्यात काळी बारीक वाळू. कोअरची वाळू, ओतताना आतली पोकळी ठेवायला साच्यात घालतात ती! १९४९ ला ओतली तेव्हापासून आतच. हातावर घेतली आणि एकदम उद्यमनगरात गेलो, तोच वास, म्हणजे खरं तर वास नव्हता पण मला आला.

ओतकाम_ताई:
हाहा, फेटलिंगवाल्यानं (ओतीव साफ करणाऱ्यानं) शुक्रवारी संध्याकाळी केलेला ब्लॉक असणार. आमच्याकडे ग्राहकानं असं पकडलं तर माझीच वाट लागते. पण गंमत सोडा, कारण तेच आहे. वाळू आणि गाळ बसला की तिथं पाणी फिरत नाही, एका बाजूला धुराची धग आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा थंडावा, बिडाला ताण सहन होत नाही, ते वाकत नाही, सरळ चिरतं. वेल्डिंग करू नका हं, अख्खा ब्लॉक भट्टीत तापवून हळू थंड करायची सोय नसेल तर शेजारी नवीन क्रॅक जाईल.

उद्यमनगरी:
नाही केलं. शिवून घेतलं. म्हणजे क्रॅकवर ओळीनं भोकं पाडायची, आटे पाडायचे, त्यात बिडाच्या पिना फिरवून बसवायच्या, प्रत्येक पिन शेजारचीला थोडी खाऊन, मग वरून घासून सपाट. अगदी गोधडीची धाव शिवण. आधी एका शॉपवाल्यानं ब्लॉक टाकून दे, त्याऐवजी शेव्हरलेचं ३५० इंजिन घाल म्हणून सांगितलं. त्याचं चूक नाही, स्वस्त, ताकद दुप्पट, पार्ट कुठंही मिळतात, १९५५ ला शेव्हीचं छोटं व्ही-८ आल्यावर सगळ्यांनी तेच केलं. पण मग गाडी त्या पोराची राहिली नसती.

मूळपुरुष:
लेख चांगला आहे पण मला एक खटकतं. ९० वर्षांची गाडी, तिचा टप कापणं हा गुन्हा आहे. आम्ही एकेका हेडलाइटच्या काचेसाठी दोन-दोन वर्षं थांबतो आणि तुम्ही लोक करवत चालवता आणि त्याला कला म्हणता. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, १९३०. फोर्डनं बनवली तशी.

उद्यमनगरी:
मूळपुरुषसाहेब, राग समजतो. मी स्वतः चांगल्या अवस्थेतल्या गाडीला करवत लावलेली नाही, लावणार नाही. पण दोन गोष्टी. एक, मॉडेल ए चार वर्षांत ४८ लाखांच्या आसपास बनल्या, १९५० मध्ये ती वारसा वगैरे नव्हती, वीस वर्षं जुनं भंगार होतं, आज कुणी २००५ ची इंडिका कापली तर आपण रडू का? दुसरं, ह्या पोरानं कापली म्हणून ती वाचली. नाहीतर वितळून तिचं फ्रिज झालं असतं.

तरी तुमचं अर्ध म्हणणं पटतं. आजकाल लोक अखंड गाड्या कापतात आणि वर मुद्दाम खोटा गंज चढवतात, ते मलाही बघवत नाही.

मूळपुरुष:
इंडिकाचं उदाहरण जिव्हारी लागलं, माझ्याकडे आहे 😂 बरं. नंबरप्लेटचं काय केलंत?

उद्यमनगरी:
फ्लोअर नवीन टाकला, पायाचा भरवसा पाहिजे. प्लेट जुन्या जागी वरून बसवली, त्याच भोकांतून, तसेच रिव्हेट. आता ती काही धरत नाही, नुसती बसलीय. ही लबाडी आहे का? मला रात्री कधी कधी वाटतं की आहे.

वाळवंटी_वडापाव:
कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडहून लिहितोय. काका एकदा इकडे या, एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर. म्युरॉक लष्कराने घेतलं (आता एडवर्ड्स तळ) पण एल मिराज अजून चालू आहे, १९३७ साली जी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) संघटना झाली तीच अजून भरवते. मी मित्राबरोबर गेलो होतो, मला वाटलं दोन गाड्या शेजारी शेजारी पळतील, तसलं काही नाही, एक एक गाडी, घड्याळासमोर, १.३ मैल. गाडी सुटली की आधी धूळ दिसते मग आवाज येतो. चार वाजता उठून गेलेलो, दुपारपर्यंत नाकात, कानात, डब्यातल्या थेपल्यांत पांढरी माती. शेजारच्या आजोबांनी विमानाच्या जुन्या पेट्रोल टाकीतून बनवलेली गाडी आणलेली, आत माणूस कसा मावतो देव जाणे. थेपले दिले तर त्यांनी मला सीटवर बसू दिलं.

चिंचेचा_कोळ:
वडापाव आयडी आणि डब्यात थेपले, हा विश्वासघात आहे

सातारी_पेंटर:
धागा उशिरा बघितला. मी पेंटर, वडीलही पेंटर, ट्रकच्या पाट्या, फाळके, दुकानाचे बोर्ड, आता फ्लेक्समुळे काम कमी पण हात आहे. ते आकडा पुसल्याचं वाचून काळजात धस्स झालं. पण काका एक सांगतो, नंबर कधीच एका दरवाजावर लिहीत नाहीत, दोन्हीकडे असतो. उजव्या दरवाजाला कागद लावलाय का? लावला नसेल तर अजिबात लावू नका!! ऑइल पेंटनं लिहिलं की ब्रशच्या कडेला रंग जाड बसतो, त्याची कड राहते, वरून कितीही प्रायमर मारा ती कड मरत नाही. रात्री लाइट बंद करा, बॅटरी पत्र्याला चिकटून आडवी धरा आणि हळूहळू फिरवा. सरळ समोरून मारू नका काही दिसणार नाही.

उद्यमनगरी:
उजवा अजून तसाच आहे. आज रात्रीच बघतो.

गॅरेजवाला_नाशिक:
आम्ही जागेच आहोत.

उद्यमनगरी:
अरे बाबांनो. दिसतंय.

गॅरेजचा दिवा घालवला, बॅटरी बिजागरीच्या बाजूनं धरली. आधी नुसत्या घासल्याच्या रेघा. मग जरा खाली घेतली आणि प्रायमरखालून एकदम कड उठली, वीतभर उंचीचा आकडा, बायकोला हाक मारली, तीपण चक्क आली आणि फरशीवर बसून बघत राहिली, म्हणाली पलीकडे अजून एक आहे. दोन आकडी आहे! पहिला ४, उघड दिसतोय. दुसरा एक आहे का सात ते कळत नाही. उभी रेघ जरा तिरकी, वर डावीकडे छोटं काहीतरी. बायको म्हणते एक, मी म्हणतो सात. फोटो टाकलाय, यावेळी साइझ कमी केलाय. पेंटरसाहेब बघा.

चिंचेचा_कोळ:
मला तर विळा दिसतोय

ओतकाम_ताई:
वहिनींशी सहमत, एक.

सातारी_पेंटर:
फोटो मोठा करून बघितला. सात आहे. वरची छोटी रेघ आधी मारलीय, डावीकडून उजवीकडे, ब्रश टेकवला तिथं रंगाचा गोळा आहे बघा डाव्या टोकाला. मग न उचलता खाली ओढलाय, कोपऱ्यात कड डबल झालीय. एक लिहिताना कुणी असा कोपरा करत नाही. आणि पोरगं डावखुरं असावं, खाली जाताना ब्रश बाहेरच्या बाजूला दाबलाय. माझा धाकटा भाऊ असाच लिहितो. एवढंच की वरची रेघ छोटी पडली कारण पुढं बिजागरी होती, जागा पुरली नाही.

उद्यमनगरी:
बिजागरी आहे खरी. बरोबर तिथंच आहे.

प्लायवुडवरची वजाबाकी परत काढून बघितली. अक्षरं डावीकडं कललेली आहेत, आणि पेन्सिलीवरून हात फिरून सगळीकडं काळं पुसटलंय. मला वाटत होतं माझ्याच बोटाचं ग्रीस आहे.

सत्तेचाळीस.